कुंडी क्रमांक सत्तावीस

साडेसातला मी शेडचं कुलूप काढते.
शिवाजीनगर, कॉलेजची मागची बाजू,
भिंतीपलीकडे मेट्रोच्या खांबाखाली वाहनांचा गोंगाट,
अलीकडे छत्तीस कुंड्या, एकेकीत एक मालदांडी.

बारा कुंड्यांना पोटभर पाणी,
बारांना निम्मं,
बारांना जगण्यापुरतं.
कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.
भोईटे मॅडम म्हणाल्या, निवड आपण करायची नाही,
आपल्या हाताला दया येते.

कालपासून कुंडीचं जेवढं वजन घटलं
तेवढं पाणी तिनं हवेला दिलं.
ते मी मापानं परत करते, गटाप्रमाणे,
आणि रकान्यात लिहिते. पगार याचाच आहे.

तहान लगेच दिसत नाही.
आधी पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं,
पाणी बाहेर जायचं थांबतं,
त्याबरोबर हवाही आत यायची थांबते,
म्हणजे वाचण्यासाठी ते उपाशी राहतं.
मग दुपारी त्याची सुरळी होते,
बसमध्ये चाळा म्हणून गुंडाळलेल्या तिकिटासारखी.
पहाटे उलगडते.
पहाटेही उलगडली नाही
की मी वहीत फुली मारते.

धायरीत आमच्याकडे दिवसाआड टँकर.
सेक्रेटरी रोज ग्रुपवर टाकीची पातळी टाकतात.
बादली भरताना कधी वाटतं,
आमची चिठ्ठी कुणी उचलली असेल?

सत्तावीस तिसऱ्या गटातली.
पोटरीत आली आणि तिचं कणीस गळ्याशीच अडकलं,
बाहेर यायला जोर नव्हता.
एका मंगळवारी तिचं वजन वाढलं.
सातशे ग्रॅम.
काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली.
पुन्हा सातशे.

बजाबा कामठे, रात्रपाळीचे वॉचमन, सासवडकडचे,
बाकावर बसून बुटातली माती झटकत होते.
मी काही विचारलं नव्हतं.
"बाटलीत उरलं होतं, बाई," ते म्हणाले.
"निसवणाऱ्या ज्वारीचं पाणी कुणी तोडतं का?"

मी पेन धरून उभी राहिले, बराच वेळ.
मग लिहिलं: बाद.
कुंडी उचलून भिंतीशी ठेवली
आणि तिला रोज पोटभर द्यायला लागले.
आता तिच्यावर कुठल्याच चिठ्ठीचा हक्क नव्हता.

आठवड्यात काळीभोर हिरवी झाली.
कणीस मोकळं झालं, वाऱ्यावर हललंसुद्धा.
बजाबा घरी जाताना पानाला बोट लावायचे,
"बघा."
मी बघत होते. पान परत येतं.
पण पराग पोटरीतच घडतो,
आणि तो तिथंच सुकला होता.
त्यानंतर कुंडीत अख्खं खडकवासला ओतलं
तरी वांझ फुलात दाणा भरत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

मार्चमध्ये काढणी.
पहिल्या गटाची कणसं तळहातावर जड,
एकेकात दीड हजारांच्या पुढे दाणे, मोजून डोळे दुखले.
तिसऱ्या गटात दोनशे, तीनशे, काहींत त्याहून कमी,
बारके, सुरकुतलेले.
सत्तावीसचं मी शेवटी चोळलं, वर्तमानपत्रावर.
फुंकर मारली तर बहुतेक उडून गेलं.
उरले चौऱ्याण्णव.

आणि ते चौऱ्याण्णव टपोरे होते.
पहिल्या गटातल्यांपेक्षाही.
उशिरा आलेलं सगळं पाणी
एवढ्याच जणांत वाटलं गेलं होतं.
मी त्यांचं वजन केलं, उगाच,
बाद कुंडीला रकाना नसतो.

बजाबांनी चुन्याची रिकामी डबी पुढे केली.
"पेरणार?" मी विचारलं.
"जागा कुठाय," म्हणाले,
आणि एक दाणा दाढेखाली फोडून
बराच वेळ चघळत राहिले.
डबी खिशात टाकली.
भरली नव्हती, म्हणून गेटपर्यंत वाजत गेली.